बारा-तेराचा पाना

(केदारखेडा. मीनाचे वडील पुंजाराम यांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. ओसरीवर मीना आणि वडिलांचे कामातले जुने जोडीदार सर्जेराव तिच्या फोनवरचा फोटो पाहत बसले आहेत; आई नंदाबाई आत चहा करते आहे.)

सर्जेराव : थांब, थांब. लई मोठं केलं. आता नुसता पत्राच दिसून राह्यला. जरा मागं घे.

मीना : असं? हे बघा काका. हे घराचं मोठं छप्पर. आणि त्याच्या खाली, मागच्या दाराला लागून, हे अण्णांनी घातलेलं.

सर्जेराव : बारा फूट लांब?

मीना : बारा लांब. दहा फूट पुढं आलंय.

सर्जेराव : ढाळ एक फुटाचा.

मीना : फोटोवरून कसं कळलं?

सर्जेराव : फोटोवरून कशाला. तीस वर्सं त्याच्यासंगं पत्रे ठोकले म्या. दहा फुटाला एक फूट. पुंजारामाचा हात दुसरीकडं जायचाच न्हाई. घरवाला म्हनला थोडा जास्ती द्या, तर हा म्हनायचा, पानी खाली उतरवायचंय, पळवायचं न्हाई.

मीना : तिथं एवढा कमी उतार चालत नाही म्हणतात.

सर्जेराव : कोन म्हनतं?

मीना : नगरपालिकेतली बाई. कॅनडात असं आहे काका, घराचं छप्पर बदलायचं तरी आधी नकाशा दाखवून परवानगी घ्यायची. आमचं मोठं छप्पर डांबरी पट्ट्यांचं आहे, तीस वर्षं झाली त्याला. ते काढून लोखंडी पत्र्याचं करायचं ठरलं. ती बाई पाहायला आली. शिडी लावून वर गेली, सगळं पाहिलं, खाली उतरली आणि मागच्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, हे कोणी बांधलं, याचा कागद कुठं आहे?

सर्जेराव : मंग?

मीना : माझ्या वडिलांनी, म्हटलं. गेल्या वर्षी आले होते. आता नाहीत.

सर्जेराव : काय लिहून घेतलं तिनं?

मीना : त्या वेळी काही नाही. पेन खिशात ठेवलं. म्हणाली, काम फार स्वच्छ आहे, पण हे बर्फासाठी नाही. मग घरी पत्र आलं. एक तर उतरवा, नाहीतर खालचे वासे, खांब सगळं भारी करून इंजिनियरची सही आणा. एक तारखेच्या आत काय ते कळवायचं. तोपर्यंत मोठ्या छपराची परवानगी थांबलेली. आणि नोव्हेंबर लागला की बर्फ येतो, मग छपराला कुणी हात लावत नाही.

सर्जेराव : एक तारखेला नऊ दिस.

मीना : नऊ.

सर्जेराव : जावई काय म्हनतात?

मीना : सोमेश्वर पहिल्या दिवसापासून म्हणतोय उतरवू. मी म्हटलं, सर्जेकाकांना दाखवल्याशिवाय एक बोल्ट काढायचा नाही. काल पाहुणे होते, बोलता आलं नाही. म्हणून आज बोलावलं.

सर्जेराव : बाई, म्या काय सांगनार? बर्फ म्या रसवंतीवर पाह्यला, अन् तुमच्या फ्रीजमदी.

मीना : तुम्ही सांगा, वाचवता येईल का. वासे वाढवून, खाली आणखी दोन खांब लावून. त्यांचं काम तसंच ठेवून.

सर्जेराव : वजन किती येतं त्याचं? बर्फाचं?

मीना : पडताना कापसासारखा पडतो. काहीच वाटत नाही.

सर्जेराव : कापूस बी ओला झाला की गाडीचा आस मोडतो.

मीना : तसंच. आमच्या गावाला त्यांनी आकडा ठरवून दिलाय. एका चौरस मीटरवर चारशे किलो धरायचे. म्हणजे अण्णांच्या एवढ्या छपरावर साडेचार टन.

सर्जेराव : एमआयडीसीतनं सळई भरून टेम्पो निघतो, तेवढं झालं.

मीना : तेवढं. आणि तो टेम्पो चार महिने छपरावर उभा राहतो, काका. थोडा वितळतो, परत गोठतो, त्याच्यावर नवा पडतो. शिवाय वरचं छप्पर पत्र्याचं झालं की तिथला बर्फ घसरणार आणि धप्पकन खालच्यावर येणार. डांबरी पट्ट्यांवर तो धरून राहायचा. म्हणून तर तिनं खालचं इतकं बारकाईनं पाहिलं.

सर्जेराव : म्हंजी सगळा उलटा कारभार हाये. आपून जलमभर पत्रा उडू नये म्हनून बांधला. वैशाखात वावटळ आली की खालून शिरती अन् पत्रा उचलती. म्हनून वाशाला आवळायचे हूक, म्हनून वर दगड. पत्रा खाली वढून धरायचा, येवढंच डोस्क्यात. वरून कोन येऊन बसंल, हे कधी मनातच आलं न्हाई.

मीना : अण्णांच्याही आलं नाही.

सर्जेराव : हं.

नंदाबाई : चहा घ्या. अर्ध्या घंट्यापासून एकच फोटो पाहून राह्यले भाऊजी. सोयरीक जुळवायची हाय का?

सर्जेराव : जुळवायची न्हाई वैनी, मोडायची का ते इचारून राह्यली पोरगी.

नंदाबाई : मला ठाव हाय. दोन महिन्यांपासून फोनवर तेच. आई, छपराचं काय करू. म्या म्हनलं, माझं डोकं नको खाऊ, ज्यांनी पत्रे ठोकले त्यायला इचार. एक तर वर गेला, दुसरा हाये.

मीना : आई.

नंदाबाई : खरं हाय ते बोलले. भाऊजी, त्या छपराचे हूक कसे गेले माहीत हाय ना? मी बॅगेत शेंगदाण्याची चटणी, कुरडया, पापड भरून ठेवल्ते. सकाळी बॅग उचलायला गेले तर हालंना. चटणी बाहेर अन् आतमदी मस्तगडच्या नथमलशेठच्या दुकानचे दोनशे हूक. वायसरसकट.

सर्जेराव : मला म्हनला, तिथं असले मिळत न्हाईत.

नंदाबाई : आधी जाऊन पाह्यलं होतं का मिळतात का न्हाई? मुंबईला विमानतळावर बॅग उघडायला लावली. साहेबानं हूक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. इचारलं, बाबा, हे काय? तर हे म्हनले, पोरीच्या घरचं काम हाये. साहेब हसला अन् जाऊ दिलं. पन पाना हातातल्या पिशवीत होता, तो काढून घेतला. त्यावर मात्र यांचं तोंड पडलं. सोळा घंटे विमानात दुसरं बोलले न्हाईत. माझा पाना, माझा पाना.

मीना : तिथं गेल्यावर नवा घेतला. रोज त्याला नावं ठेवायचे. म्हणायचे, याला पकड आहे पण याला हात नाही.

नंदाबाई : काय गरज होती बांधायची. चांगलं फिरायला नेऊन राह्यले होते जावई. डोंगर दाखवा, तळं दाखवा. यांचं एकच, हाताला काम न्हाई.

मीना : काम नाही म्हणून नाही बांधलं.

नंदाबाई : तर कशापायी?

मीना : मी एकदा कामावरून आले, पाऊस होता. दोन्ही हातांत पिशव्या. मागच्या दाराला चावी लागेना. तुम्ही दोघं आत टीव्ही लावून बसला होता, ऐकू गेलं नाही. अण्णा पाणी प्यायला आले तर मी काचेबाहेर भिजत उभी. दार उघडून पिशव्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी मागितली.

नंदाबाई : मला नव्हतं माहीत हे.

सर्जेराव : मला सांगितल्तं. चावी लागेपर्यंत पोरगी भिजती, म्हनला.

मीना : ते झाल्यावर मी रोज संध्याकाळी तिथंच खुर्ची टाकून बसायचे. अण्णा समोर पायरीवर. आता तेच उतरवा म्हणून पत्र आलंय. काका, तुम्ही सांगा ना. खांब वाढवले तर?

सर्जेराव : हिवाळा निघाला ना एक? गेला हिवाळा?

मीना : निघाला.

सर्जेराव : मंग कसा निघाला? साडेचार टन पडलं असंल की तवा बी.

मीना : नाही पडलं. मी पडू दिलं नाही.

सर्जेराव : म्हंजी?

मीना : बर्फ थांबला की शिडी लावून वर जायचे. फावड्यानं ओढून खाली ढकलायचे. कामावर जायच्या आधी.

नंदाबाई : वर? छपरावर? तू?

मीना : आई, तू आता ओरडू नको.

नंदाबाई : मी कुठं ओरडून राह्यले. जावई काय करीत होते?

मीना : पहिल्यांदा तो चढला. मला ते बघवेना. तो जोरात ओढायचा, पत्रा वाजायचा. मग म्हटलं, मीच करते. तो खाली शिडी धरून उभा राहायचा. रोज म्हणायचा, मीना, हे एक दिवस अंगावर येईल. आमचं भांडण एवढ्या एकाच गोष्टीवरून झालं सगळ्या हिवाळ्यात. सतरा वेळा चढल्ते मी.

सर्जेराव : सतरा वेळा.

मीना : एकदा गेलेच होते. फावडं अडकलं, मी ओढायला गेले आणि पाय सुटला. खालपर्यंत आले घसरत. बर्फाच्या ढिगावर पडले म्हणून लागलं नाही.

नंदाबाई : अन् फोनवर म्हनायची, सगळं ठीक हाय आई.

सर्जेराव : कशात अडकलं?

मीना : काय?

सर्जेराव : फावडं. पत्रा तर गुळगुळीत. त्याच्यावर फावडं अडकंल कशात?

मीना : बोल्टांत. हुकाची जी टोकं वर येतात ना पत्र्यातून, त्यांत.

सर्जेराव : टोकं कापलेली न्हाईत?

मीना : नाही. जाऊ द्या ना.

सर्जेराव : जाऊ द्या कसं. सांग.

मीना : दोन-दोन बोटं वर आहेत. सगळीच. मी लहानपणी पाहिलंय तुम्हा दोघांना, पत्रा बसला की टोक कापायचं आणि हातोडीनं चेचायचं. टक, टक, दोन ठोके. अण्णा कुणाचं छप्पर तसंच सोडत नव्हते. माझ्याच घराचं सोडलं. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरत होता, काका. मला वाटतं त्यांना जमलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सोमेश्वरलाही नाही. त्या बाईनं स्वच्छ काम म्हटलं तेव्हा मला वाटलं, तिला कळलं नाही ते बरं झालं.

सर्जेराव : वरून काढलेला फोटो हाये का? टोकं दिसतील असा?

मीना : आहे. वरच्या खिडकीतून काढलेला. हा.

सर्जेराव : मोठं कर. आनखी. हे काळं काय हाये बोल्टाला?

मीना : घाण असेल. माझे हातमोजे काळे व्हायचे त्यानं.

सर्जेराव : अन् टोकावर हे पांढरं?

मीना : प्लास्टिकच्या नळीचे तुकडे. बारीक बारीक कापून बसवलेत टोपीसारखे. मला वाटलं कुणाला टोचू नये म्हणून. बरेच बर्फात निघून गेले.

सर्जेराव : वैनी, माझा चष्मा द्या तेवढा.

नंदाबाई : डोळ्यावरच हाये तुमच्या.

सर्जेराव : हां. मीने, ती घाण न्हाई. ते ग्रीस हाये.

मीना : ग्रीस कशाला?

सर्जेराव : ऐक आता. आपल्या कामात छपरं दोन. एक कायमचं. त्याला टोक कापायचं, चेचायचं. चेचलं की नट फिरत न्हाई. चोर आला तरी पत्रा नेत न्हाई. पुढं कवा काढायचा म्हनलं तर छन्नीनं तोडावा लागतो, अन् पत्र्याचं वाटोळं व्हतं. दुसरं हंगामी. कापूस ठेवायला शेड घाल, दोन महिन्यानं उतरव. त्याला टोक सोडायचं मोकळं. ग्रीस लावायचं, गंज धरू नये म्हनून. अन् वर नळीचा तुकडा, म्हंजी पानी आट्यात जात न्हाई. ज्यानं उतरवायचं त्यानं वर चढून नुसतं पाह्यलं तरी कळतं. इचारायचं काम न्हाई.

मीना : म्हणजे?

सर्जेराव : एकेका हुकाला ग्रीस लावलं त्यानं. नळी कापली तेवढेच तुकडे. ज्याचा हात थरथरतो त्याला दोन ठोके सोपे का हे सोपं?

नंदाबाई : भाऊजी, तुमाला माहीत होतं.

सर्जेराव : होतं.

नंदाबाई : काय माहीत होतं ते सगळं सांगा. अर्धं नको.

सर्जेराव : तुमी तिकडून आले त्याच्या दुसऱ्या दिशी तो माझ्याकडं आल्ता. लिंबाखाली बसलो. म्हनला, सर्ज्या, चुकलो. अर्धे पत्रे चढल्यावर शेजारचा म्हातारा कुंपनापाशी आला. भाषा तर कळंना. त्यानं छपराकडं बोट दाखवलं, मंग छातीला हात लावला, इथपर्यंत. पुंजारामाला आधी वाटलं छातीत दुखतंय का काय याच्या. मंग म्हाताऱ्यानं आभाळाकडं दाखवलं अन् बोटं हालवत खाली आनली. तवा डोस्क्यात उजेड पडला.

मीना : मला काही बोलले नाहीत.

सर्जेराव : कसं बोलंल? तू रोज येऊन त्याच्या खाली खुर्ची टाकून बसायची. म्हनला, उतरवायला हात होईना. बाकीचं काम केलं, पन चेचलं एक बी न्हाई. जे आधी चेचले होते ते बी जपून तोडून नवे घातले. बर्फाच्या आधी उतरवा म्हनून फोन करनार होता.

मीना : कधी करणार होते?

सर्जेराव : म्या बी तेच म्हनलं, आत्ता लाव. माझ्या फोनवरून लाव. तर म्हनला, अजून ती फोटो धाडून राह्यली सगळ्यायला. माझ्या वडलांनी बांधलं, माझ्या वडलांनी बांधलं. दसऱ्यापर्यंत मिरवू दे. दसरा झाला की सांगतो.

मीना : आणि सर्वपित्रीलाच गेले.

सर्जेराव : दसरा दहा दिस राह्यला होता.

नंदाबाई : मला न्हाई सांगितलं.

सर्जेराव : वैनी, तुमी लगीच फोन लावला असता.

नंदाबाई : लावलाच असता.

सर्जेराव : म्या लावायला पायजे होता. तेराव्याला तू समोर बसल्ती, बाई. तुझं तोंड पाह्यलं अन् शब्द गिळला. मंग वाटलं, पोरगी शिकलेली, जावई हुशार, त्यायच्या ध्यानात आलं असंल. हे माझं चुकलं. बिलकुल चुकलं. तू तिकडं शिडी लावून चढून राह्यली अन् मी इथं लिंबाखाली.

मीना : मी ते वाचवत होते, काका.

सर्जेराव : त्यानं ते वाचवायला ठेवलंच न्हाई.

मीना : हो.

नंदाबाई : चहा गार झाला. दे इकडं, गरम करते.

मीना : राहू दे. असाच पिते.

नंदाबाई : मंग पी.

मीना : काका, कुठून सुरू करायचं? उतरवायला.

सर्जेराव : ज्या कोपऱ्यात त्यानं शेवट केला तिथून. कोनता पत्रा शेवटचा?

मीना : दाराकडचा. डावीकडून उजवीकडं आले होते.

सर्जेराव : मंग दाराकडून. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला असतो, तो आधी मोकळा व्हतो. दोघंजन पायजे. तू वर जाऊ नको, जावयाला चढव. नट काढायचा, वायसर काढायचा, हूक खालून हातानं उतरवायचा. जल्दी करायची न्हाई. खाली कोनी उभं राहू नका. एका दिसात काम व्हतंय. घासून घासून काढायची येळ येनार न्हाई, ग्रीस हाये.

मीना : आजच कळवते त्यांना. उतरवतोय म्हणून.

सर्जेराव : कळव. अन् त्या बाईला अजून एक इचार.

मीना : काय?

सर्जेराव : दारापुरतं एक छज्जं. तीन फूट, चावी लावून व्हईस्तोवर. ती म्हनंल तेवढा ढाळ, ती म्हनंल तेवढा भारी वासा. हट्ट करायचा न्हाई. ती तिथली हाये, तिला तिथलं कळतं. आधी तिचा कागद घे, मंग पत्रा काप. त्यातलेच दोन पत्रे पुरतील बराबर, ती हो म्हनली तर.

मीना : आणि त्याचं टोक?

सर्जेराव : तिनं सही केली की चेचून टाक.

नंदाबाई : बाकीचे हूक फेकू नको गं. चटणी ठेवून नेलेत ते.

मीना : नाही फेकत.

सर्जेराव : पाना हाये का तुज्यापाशी?

मीना : अण्णांनी तिथं घेतलेला आहे. आणि सोमेश्वरची मोठी पेटी आहे.

सर्जेराव : ते राहू दे. हा घे. सायकलच्या थैलीतच असतो माझ्या. बारा-तेराचा. पुंजारामानं अन् म्या एकाच दिशी घेतले, नथमलशेठकडूनच. त्याचा विमानतळावर गेला.

मीना : तुम्हाला लागेल, काका.

सर्जेराव : मी आता कुठं चढून राह्यलो. गुडघं पाहा माझे.

नंदाबाई : पदराला नको पुसू, तेल हाये. हा कागद घे, याच्यात बांध.

मीना : दे. या पिशवीत टाकते.

सर्जेराव : त्या पिशवीत न्हाई, बाई. मोठ्या बॅगेत.